क्वोककाकांनी टाकलेली पानं

७ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेत सिस्टर बेनेदिता आम्हाला रोज संध्याकाळी वही लिहायला लावायच्या. दिवसभरात आपलं काय चुकलं ते सुबक अक्षरात लिहायचं आणि कोणाला दाखवायचं नाही. सतराव्या वर्षी शाळा सुटली, वहीही सुटली. आज बेचाळीस वर्षांनी नवी वही विकत आणली. एक गोष्ट अशी आहे की ती मी दिओलिंदालासुद्धा सांगू शकत नाही, आणि आम्ही दोघी बहिणी गेली नऊ वर्षं एकाच घरात राहतो.

माझा उजवा हात थरथरतो.

नेहमी नाही. पत्ते पिसताना, वाटताना अजिबात नाही. पण हात रिकामा झाला, टेबलावर नुसता टेकला, की अंगठा पहिल्या बोटावर घासायला लागतो, जपमाळेचा मणी पुढे सरकवावा तसा. पंधरा-वीस दिवस झाले असतील. आईचं अगदी असंच सुरू झालं होतं. अकरा वर्षांनी तिला घास भरवायला कॉन्व्हेंटमधून सिस्टर यायच्या. ती त्यांना ओळखायची, फक्त तोंड उघडता यायचं नाही.

मकावच्या कसिनोत पोकरच्या टेबलावर मी बावीस वर्षं पानं वाटते आहे. दर अर्ध्या तासाने दुसरी डीलर येऊन खांद्याला हात लावते, मग आपण उठायचं. उठण्याआधी एकदा टाळी वाजवायची आणि दोन्ही पंजे उताणे-पालथे करून डोक्यावरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे, की बघा, काही लपवून नेत नाही. दिवसातून दहा-बारा वेळा हे होतं. अजून तरी त्या क्षणी हात गप्प राहिला आहे. ज्या दिवशी राहणार नाही त्या दिवशी मला टेबलावरून उठवतील, आणि एकदा उठवलेल्या डीलरला परत कोणी बसवत नाही. मग मी घरी आईच्या खुर्चीत बसणार. मला त्या खुर्चीची भीती वाटते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लपवायचं कसं हे मला कोणी शिकवायला नको. बावीस वर्षं मी लपवणाऱ्यांकडेच बघत आले आहे. प्रत्येकाच्या हातात दोन बंद पानं, मधे पाच उघडी, उरलेला सगळा खेळ माणसांचा. कोणाच्या गळ्याची शीर उडते, कोण एकदम बोलायचं थांबतो, कोण मधलं पान उघडल्याबरोबर आपल्या पैशांच्या चकत्यांकडे बघतो आणि लगेच नजर छताला लावतो. हूल देणारा स्वतःला बांधून ठेवतो, श्वाससुद्धा. नवख्यांना वाटतं हात थरथरला म्हणजे हूल. उलट आहे. हात थरथरतो तो भारी पानं आलेल्याचा, इतका वेळ आवरून धरलेलं सुटतं म्हणून.

त्यांच्याकडूनच मी शिकले. पत्त्यांचा कॅट दोन्ही हातांत धरायचा. मनगट टेबलाच्या कडेला दाबून ठेवायचं. खेळणारा विचार करत असेल तर उगाच चकत्यांचा ढीग सारखा करायचा. आज चौदा वेळा मला हे करावं लागलं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज टेबलावर हसू होतं. आमच्या सकाळच्या पाळीला नेहमीची मंडळी असतात. त्यात क्वोककाका, वय त्र्याहत्तर, सुक्या मासळीचं दुकान जावयाला देऊन मोकळे झालेले. माझ्या बरोबर समोर बसतात. माणूस वाचण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. त्यांच्या शेजारी सोऊबाई, केकच्या दुकानाच्या मालकीण, तोंडाला कुलूप नाही.

काकांची ख्याती अशी की एका पानाला पाच-पाच मिनिटं लावायची आणि समोरच्याला घाम फोडायचा. पण हल्ली ते भराभर खेळतात.

"काय हो काका, बोट चुकणार आहे का तुमची?" सोऊबाईंनी विचारलं.

"विचार करत बसलो तर डुलकी लागते हो."

"पूर्वी आम्हाला लागायची. तुम्ही पान बघेपर्यंत माझी एक मुलगी लग्न होऊन गेली."

"तिने बरं केलं. दुसरीला पण सांगा."

मी हसले, पण माझं लक्ष होतं. पानं टाकण्याआधी, म्हणजे डाव सोडण्याआधी, काका एकदा खाली बघतात, टेबलाकडे, माझ्या बाजूला कुठेतरी. मग ओठ दाबतात आणि पानं माझ्याकडे सरकवतात. ओठ दाबणं म्हणजे मन मारणं. हे घाबरलेल्या माणसाचं खेळणं आहे. काका म्हातारे झाले. मला फार वाईट वाटलं. आता ते समोर बसतात तेव्हा मी त्यांच्यासाठी मनातल्या मनात एक प्रार्थना म्हणते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

कुआनने मला भिंतीकडच्या टेबलावर टाकलं. कुआन आमची सुपरवायझर, चौतीस वर्षांची. पान कसं धरायचं इथपासून मीच तिला शिकवलं आहे.

"तिल्दाताई, तिकडे एसीचा वारा कमी लागतो," ती म्हणाली.

"मी कधी तक्रार केली वाऱ्याची?"

"नाही केली. पण मलाच वाटलं."

बोलताना तिने दोनदा गळ्याला हात लावला आणि माझ्या ओळखपत्राकडे बघत राहिली, तोंडाकडे नाही. शिवाय हल्ली ती मला अर्धा तास पुरा होण्याआधीच उठवते. वीस मिनिटांत खांद्यावर हात येतो. हे मी दुसऱ्या डीलरांच्या बाबतीत पाहिलेलं आहे. आधी कोपऱ्यात टाकायचं, मग वेळ कमी करायची, मग एक दिवस वरच्या मजल्यावर बोलावून चहा द्यायचा. तिला माझी जागा कोणाला तरी द्यायची आहे. जिला मी शिकवलं तीच.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिओलिंदाचं काय चाललंय कळत नाही. आठवडाभर सूप करत नाही. आज बटाटा घातलेला खिमा आणि भात, तोही खोल बशीत, चमच्यासकट.

"जेवायच्या काड्या कुठे गेल्या?"

"कंटाळा आला काड्यांचा. उगाच काय चिनी मंडळींसारखं."

"साठ वर्षं नाही आला तो?"

"आता आला. जेव गुपचूप."

चहासुद्धा अर्धा कप देते. काटकसर म्हणावी तर परवा तिने सहा नवे चमचे आणले, जाड दांड्याचे, कुरूप.

२ नोव्हेंबर, रविवार

आईबाबांच्या थडग्यावर जाऊन आलो. पांढरी शेवंती वाहिली. दिओलिंदाने दगड पुसला, मी प्रार्थना म्हटली. माझा हात कोटाच्या खिशात होता.

परतताना ती अचानक म्हणाली, "मी बुधवारी डॉक्टरांकडे जाणार आहे. तू पण चल ना सोबत."

"तुला काय झालं?"

"काही नाही. या वयात एकदा दाखवून ठेवलेलं बरं. दोघींनी."

आवाज वरच्या पट्टीत गेला होता आणि बोटं पर्सचा पट्टा पिळत होती. एवढं न कळायला मी आंधळी नाही. तिला काहीतरी झालंय आणि ती माझ्यापासून लपवते आहे. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती रडली असती, आणि मग मीही कदाचित सगळं बोलून बसले असते. मला पाळी बदलता येत नाही म्हणून सांगितलं. ती एकटीही गेली नाही.

देवा, हिला काही होऊ देऊ नकोस. मला होऊ दे हवं तर. नाही, मलाही नको.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते पाहून मी हादरले. मधे मोठी रक्कम साठलेली, क्वोककाका आणि एक तरुण माणूस एवढेच डावात उरलेले. तरुणाने चकत्या पुढे सरकवल्या आणि काकांची पाळी आली. मी हात टेबलावर टेकून थांबले. काकांनी खाली पाहिलं, ओठ दाबले आणि पानं टाकली. टाकताना त्यातलं एक उलटलं आणि दुसरंही दिसलं. दोन राजे. मधे त्यांच्या वरचं एकही पान नव्हतं.

सोऊबाई एवढंच म्हणाल्या, "अहो काका, हे काय केलंत?"

"चष्मा बदलायला झालाय."

मी नियमाप्रमाणे पानं गोळा केली. माणूस राजे टाकतो म्हणजे त्याचं धैर्य संपलं. जुगारी माणसाला वेड लागतं ते असंच, शांतपणे. सोऊबाई एकदा काकांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नाक शिंकरलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लिहायलाच हवं, नाहीतर मी खिडकीत उभीच राहीन.

गावातून मोटारींची शर्यत चालू आहे. रस्ते बंद, बाहेरगावची माणसं खचाखच. आमच्या टेबलावर चार दिवस एक गडद चष्मा लावलेला पाहुणा बसतो आहे. खेळ चांगला आहे त्याचा, फारसा बोलत नाही. आज अकराच्या सुमारास क्वोककाकांनी पानं टाकली आणि तो चष्मा काढून उभा राहिला.

"थांबा," तो म्हणाला. "सुपरवायझरला बोलवा."

कुआन आली.

"ह्या बाई खुणा करतात. चार दिवस बघतोय. यांचा अंगठा हलला की हा म्हातारा पानं टाकतो. दर वेळी. वाटताना खालून आमची पानं बघतात आणि याला सांगतात, पळ म्हणून."

पान वाटताना किंचित उचललं तर डीलरला खालची बाजू दिसू शकते, आणि त्यासाठी लोक तुरुंगात गेलेले आहेत. मी काकांकडे पाहिलं. काकांचा चेहरा इतका कोरा झाला होता की तसा मी फक्त सर्वांत मोठ्या डावांत पाहिला आहे.

"आजोबा, काय म्हणणं आहे तुमचं?" पाहुण्याने विचारलं.

"माझं काही म्हणणं नाही," काका म्हणाले.

कुआन म्हणाली, "ताई, टेबल सोडा."

मी टाळी वाजवली. पंजे उताणे केले, पालथे केले. हात दगडासारखा स्थिर होता. आजवर कधीही मला स्वतःच्या हाताचा इतका राग आला नव्हता.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरीच. चर्चलाही गेले नाही. कुआनचा फोन आला, मंगळवारी दहाला कॅमेऱ्यांच्या विभागात यायचं. "ताई, फक्त खरं सांगा," ती म्हणाली आणि ठेवला.

कोणतं खरं? हात थरथरतो म्हटलं तर टेबल गेलं. नाही म्हटलं तर मी चोर, आणि माझ्यासोबत काका. त्यांना गावातल्या एकाही पोकरच्या खोलीत पाय ठेवू देणार नाहीत. पण ते पानं का टाकत होते? मला काल दुपारपासून दुसरं काही सुचत नाही. पाहुणा खोटं बोलत नव्हता. त्याचा श्वास मोकळा होता. त्याने जे पाहिलं ते होतंच.

दिओलिंदा दाराशी येऊन उभी राहिली. मी वही मिटली. ती म्हणाली, "मी आहे इथे," आणि गेली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

खोलीत खिडकी नव्हती. कॅमेऱ्यांचे प्रमुख लेओंग, माझ्याच वयाचे, आवाज हळू. कुआन कोपऱ्यात. क्वोककाका खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसलेले.

लेओंगनी पडद्यावर चित्रण लावलं. वरून घेतलेलं माझं टेबल, मधे माझे दोन हात. मी कधीच पाहिले नव्हते. मला वाटत होतं मी लपवते. त्या पडद्यावर अंगठा चालत होता, चालतच होता, आणि डावा हात मधूनच येऊन त्याला झाकत होता. दुकानातून काहीतरी उचलणाऱ्या बाईसारखा.

"चार दिवसांत एक्केचाळीस वेळा," लेओंग म्हणाले. "त्यातल्या तेहतीस वेळा या गृहस्थांनी लगेच पानं टाकली. तुम्ही दोघं काय सांगता?"

काका म्हणाले, "मला काही सांगायचं नाही."

"काका, तुमचं नाव काळ्या यादीत जाईल."

"जाऊ दे. मला मासे विकता येतात."

तेव्हा मला कळलं की ते मुद्दाम गप्प आहेत. कोणासाठी हे कळायला आणखी एक क्षण लागला आणि मग मला बसवेना.

"माझा हात थरथरतो," मी म्हटलं. "ती खूण नाही. माझ्या हाताबाहेरची गोष्ट आहे."

"दाखवा."

मी हात पुढे केला. तो स्थिर राहिला. बोटं सरळ, एकसुद्धा हललं नाही. बावीस वर्षांची सवय. लेओंगनी बराच वेळ पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. दोन महिने रोज देवाकडे जे मागत होते ते त्याने नेमकं या खोलीत दिलं होतं.

"हात पुढे धरलेला असला की थरथर येत नाही," मी म्हटलं. "रिकामा पाहिजे. आणि डोकं कामात पाहिजे. मला काहीतरी अवघड विचारा."

"काय विचारू?"

लेओंग काकांकडे वळले. काकांनी टोपी बाजूला ठेवली.

"पोरी, हात मांडीवर ठेव," ते म्हणाले. "चौघे डावात. पहिल्याने बत्तीसशे लावले, सगळे. दुसऱ्याचे सत्तावन्नशे, सगळे. तिसऱ्याचे चौऱ्याण्णवशे, सगळे. चौथा चौऱ्याण्णवशे भरतो. ढीग पाड."

डीलरचं सर्वांत किचकट काम. प्रत्येकाला तो लावू शकला तेवढ्याच ढिगात वाटा. मी डोळे मिटले.

"पहिला ढीग बारा हजार आठशे, चौघांचा. दुसरा, पंचवीसशे त्रिक, सात हजार पाचशे. तिसरा..."

अंगठा सुरू झाला. मी थांबवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तीन माणसांसमोर त्याला वाटेल तसं करू दिलं.

"तिसरा सदतीसशे दुणे, सात हजार चारशे. दोघांचा."

डोळे उघडले तर कोणी माझ्या हाताकडे बघतच नव्हतं. कुआन भिंतीकडे तोंड करून उभी होती. लेओंगनी पेनाचं टोपण लावलं.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"जुलैपासून."

जुलै. मी पंधरा-वीस दिवस म्हणत होते.

"माझ्या बायकोचं असंच होतं," काका म्हणाले. "काम नसलं की हात चालायचा. म्हणून मी तिला शेंगा सोलायला द्यायचो. इथे मी पानं टाकली की डाव पुढे सरकतो. डाव सरकला की हिला पानं गोळा करावी लागतात. मग थांबतो."

"राजेसुद्धा टाकलेत?"

"राजे काय, पुन्हा येतात."

"आणि तू?" लेओंगनी कुआनला विचारलं. "रजिस्टरमध्ये वीस-वीस मिनिटांत बदली लिहिली आहे."

ती वळली नाही. "ऑगस्टपासून, सर."

पुढचं मी नीट ऐकलं नाही. आरोप खोडला. पाहुण्याला कळवतील. मला उद्यापासून रजा आणि डॉक्टरांचं पत्र आणायचं. टेबलाबद्दल कोणी काही बोललं नाही, म्हणजे ते बोलून झालं.

लिफ्टमध्ये मी काकांना म्हटलं, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करत होते. वाटलं तुम्ही घाबरलात."

"घाबरलोच होतो," ते म्हणाले. "तू डोळे वर करून बघितलंस तर काय करायचं म्हणून."

२६ नोव्हेंबर, बुधवार

दिओलिंदा सोबत आली. टॅक्सीवाल्याशी भाड्यावरून भांडली, नंबर लावला, माझी जुनी कागदपत्रं एका पाकिटात नीट लावून आणली होती. पाकिटावर ऑगस्टची तारीख होती. मी ते मांडीवर उलटं ठेवलं.

डॉक्टर तरुण आहेत, चाळिशीचे. त्यांनी मला चालायला लावलं, वळायला लावलं, बोटं उघड-मीट करायला लावली, एक गोल-गोल रेघ काढायला लावली. ती रेघ पुढे जाता जाता लहान होत गेली. मग ते टेबलामागे जाऊन बसले आणि समोरचा कागद त्यांनी विनाकारण सरळ केला.

मी वाचायला लागले. सवयच ती. त्यांनी आवंढा गिळला. पेन उजवीकडून डावीकडे ठेवलं. टेबलाखाली पाऊल हलायचं थांबलं. मला सगळं दिसत होतं, अगदी स्पष्ट, आणि त्याचा अर्थ लावायला मी निघालेच होते, की याच्याकडे नक्की काय आहे, हा मला काय दाखवणार आणि काय लपवणार. आणि एकदम वाटलं, कुआनचा गळा मी बरोबर पाहिला होता. पर्सचा पट्टाही बरोबर पाहिला होता. काकांचे ओठसुद्धा. चुकला होता तो अर्थ.

मी मान खाली घातली.

"डॉक्टर, मी तुमच्याकडे बघणार नाही. जे आहे ते तोंडाने सांगा."

त्यांनी सांगितलं. आईच्या आजाराचं नाव मला वीस वर्षांपासून पाठ आहे, पण आज ते माझ्या नावाला लागून ऐकलं. दिओलिंदाने खुर्ची माझ्या खुर्चीजवळ ओढली, खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला.

"आईला गिळता येईना, त्याला अकरा वर्षं लागली," मी म्हटलं. "मला किती?"

"प्रत्येकाचं वेगळं असतं," डॉक्टर म्हणाले. "आता औषधंही वेगळी आहेत. आकडा मी देऊ शकत नाही."

टेबलावर असं उत्तर आलं असतं तर मी त्या माणसाच्या गळ्याच्या शिरेकडे पाहिलं असतं. आज मी जमिनीकडेच बघत राहिले आणि विचारलं, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर.